बरणीतली नावं आणि आपल्या प्रकल्पवह्या

(पोस्ट मोठी आहे. शिक्षक, पालक आणि आठवी ते दहावीची पोरं यांनी सवडीने का होईना, पण पूर्ण वाचावी ही विनंती.)

अमेरिकेत कॅन्सस नावाचं राज्य आहे. शेतीचा मुलूख, गहू आणि गुरं. तिथं युनियनटाउन म्हणून एक गाव आहे, वस्ती तीनशेच्या आत. आपल्याकडची एखादी वाडीसुद्धा त्यापेक्षा मोठी असते. तिथल्या हायस्कूलात नॉर्मन कोनार्ड नावाचे शिक्षक होते. अमेरिकेत शाळकरी मुलांसाठी 'नॅशनल हिस्टरी डे' म्हणून इतिहासाची स्पर्धा भरते. १९७४ साली क्लीव्हलँड शहरात एका प्राध्यापकाने ती छोट्या प्रमाणावर सुरू केली, आणि आता दरवर्षी पाच लाखांहून जास्त मुलं तीत उतरतात. निबंध, प्रदर्शन, नाटुकलं, माहितीपट, वेबसाइट यांतलं काहीही करा, पण सोबत साधनांची यादी द्यायची. त्या काळातली मूळ साधनं वेगळी, नंतर लिहिलेली पुस्तकं वेगळी, आणि कुठल्या साधनाचा काय उपयोग झाला ते प्रत्येकापुढे दोन ओळींत लिहायचं.

१९९९ साली या स्पर्धेसाठी विषय शोधणाऱ्या काही मुलींच्या हातात कोनार्ड सरांनी एका साप्ताहिकाचं १९९४ सालचं कात्रण दिलं. शिंडलरसारखं काम करणाऱ्या इतर माणसांबद्दल त्यात लिहिलं होतं. त्यात एक ओळ अशी होती की, इरेना सेंडलर नावाच्या पोलिश बाईने वॉर्सातल्या ज्यू वस्तीतून २५०० मुलांना वाचवलं. शिंडलरने वाचवलेली माणसं साधारण १२००. त्याच्यावर सिनेमा निघाला, सगळ्या जगाला तो ठाऊक. मग त्याच्या दुप्पट जीव वाचवणारी ही बाई कुणालाच कशी माहीत नाही? सरांना वाटलं, छपाईची चूक असेल. शोधून बघा म्हणाले.

मुली शोधायला लागल्या. त्या वेळी इंटरनेटवर तिच्याबद्दल जवळपास काहीच नव्हतं. मग पत्रं लिहिली, संस्थांना विचारलं. बाई कधी वारली, कुठे पुरली, निदान एवढं तरी कळावं म्हणून चौकशी केली, तर बाई जिवंत निघाली! वॉर्सात, नव्वदीला टेकलेली. पत्रव्यवहार सुरू झाला. मुलींनी छोटं नाटक बसवलं, त्याला नाव दिलं 'लाइफ इन अ जार', म्हणजे बरणीतलं आयुष्य. मे २००१ मध्ये त्या वॉर्साला जाऊन तिला भेटल्या. पुढे त्या नाटकाचे अमेरिकेत आणि युरोपात शेकडो प्रयोग झाले. २००३ साली पोलंडने इरेनाबाईंना आपला सर्वोच्च सन्मान दिला. १२ मे २००८ रोजी, ९८ व्या वर्षी त्या गेल्या.

आता बरणीचं काय ते सांगतो.

जर्मनांनी वॉर्सा घेतल्यावर नोव्हेंबर १९४० मध्ये ज्यूंची वस्ती भिंत घालून बंद केली. साडेतीन चौरस किलोमीटरसुद्धा जागा नाही आणि आत चार लाखांवर माणसं. उपासमार आणि टायफस. इरेना वॉर्सा नगरपालिकेच्या समाजकल्याण खात्यात नोकरीला होत्या. साथ भिंतीबाहेर येईल याची जर्मनांना धास्ती, म्हणून आरोग्य तपासणीसाठी आत जायचा पास काही जणांना मिळायचा. तो पास त्यांनी मिळवला. येताना मुलं बाहेर काढायची. कधी रुग्णवाहिकेत लपवून, कधी पोत्यात, कधी कोर्टाच्या इमारतीतून, कारण तिचं एक दार वस्तीकडे उघडायचं आणि दुसरं बाहेर. ज्यूंना मदत केली तर देहदंड, असा हुकूम १९४१ सालीच निघाला होता. एक तान्हं पोर तर लाकडी खोक्यात घालून विटांच्या गाडीतून बाहेर आणलं. त्या मुलीजवळ तिच्या घरातली एकच वस्तू होती. चांदीचा चमचा, त्यावर तिचं नाव आणि जन्मतारीख कोरलेली.

बाहेर आलेल्या मुलांना नवी ख्रिस्ती नावं द्यायची, खोटे कागद करायचे, कुणाच्या घरी, मठात, अनाथाश्रमात ठेवायचं. पण युद्ध संपल्यावर हे पोर कुणाचं, ते कसं कळणार? म्हणून पातळ कागदाच्या चिठोऱ्यांवर खरं नाव, खोटं नाव आणि ठिकाण लिहून ठेवायचं. त्या याद्या शेवटी बरणीत घालून एका मैत्रिणीच्या बागेत सफरचंदाच्या झाडाखाली पुरल्या. ऑक्टोबर १९४३ मध्ये गेस्टापोने इरेनाला पकडलं, मारहाण केली, तिने तोंड उघडलं नाही. संघटनेने लाच देऊन तिला सोडवलं.

गोष्ट इथे संपवली तर छान वाटतं. एक शूर बाई, काही हुशार पोरी, एक चांगला मास्तर. व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड करायला उत्तम. पण पुढचं सांगितलं नाही तर ही पोस्ट लिहायचा उपयोग नाही.

पहिली गोष्ट. इरेना सेंडलर 'अज्ञात' होत्या, असं आपण सहज म्हणतो. कुणाला अज्ञात? इस्राएलच्या याद वाशेम या संस्थेने त्यांचा सन्मान १९६५ सालीच केला होता. ज्या मुलांना त्यांनी वाचवलं ती मोठी झाली होती, त्यांच्या घरी येत-जात होती. त्यांच्या दृष्टीने बाई कधीच हरवल्या नव्हत्या. हरवल्या होत्या त्या बाकीच्या जगाच्या दृष्टीने. कॅन्ससच्या मुलींनी माणूस शोधला नाही, त्या माणसाला ऐकणारे लोक मिळवून दिले. हेही मोठंच काम आहे, पण वेगळं आहे.

दुसरी गोष्ट. हे काम एकटीचं नव्हतं. इरेनाबाई स्वतः शेवटपर्यंत हेच सांगत राहिल्या. ज्यूंच्या मदतीसाठी डिसेंबर १९४२ मध्ये 'झेगोता' नावाची गुप्त परिषद स्थापन झाली, तिच्या मुलांच्या विभागाची जबाबदारी १९४३ मध्ये त्यांच्याकडे आली. पण त्याआधीपासून त्यांच्या खात्यातल्या बायका जिवावर उदार होऊन राबत होत्या. इरेना शुल्ट्झ होत्या. यादविगा पिओत्रोव्स्का होत्या, त्यांच्याच बागेत ती बरणी पुरली होती. यादविगा देनेका होत्या, त्यांना जर्मनांनी पकडून जानेवारी १९४४ मध्ये ठार मारलं. या नावांवर नाटक नाही. आणि ज्यांनी आपलं लेकरू परक्या बाईच्या हातात दिलं, त्या आयांची नावं तर बहुतेक त्यांच्याबरोबरच संपली.

तिसरी गोष्ट आकड्याची. २५०० हा आकडा आज दगडात कोरल्यासारखा झालाय. पण आन्ना बिकोंत या पोलिश पत्रकार बाईंनी इरेना सेंडलर यांचं चरित्र लिहिलं, ते २०१७ साली आलं. त्यात त्यांनी या आकड्यावर गंभीर प्रश्न उभे केले. म्हणून बाईंचं मोठेपण तसूभर कमी होतं का? अजिबात नाही. पन्नास मुलं वाचवली असती तरी ती मोठीच. पण कोनार्ड सरांना पहिल्याच दिवशी पडलेला प्रश्न, म्हणजे हा आकडा बरोबर आहे का, हा चुकीचा नव्हता. तो प्रश्न आजही जिवंत आहे. इतिहास असाच चालतो. हार घातला म्हणून चौकशी थांबत नाही.

आता आपल्याकडे येऊ.

आपल्याकडच्या इतिहासाच्या प्रकल्पवह्या बघितल्यात का कधी? मी बातमीच्या निमित्ताने आणि चार-सहा वेळा परीक्षक म्हणून बघितल्या आहेत. झेरॉक्सच्या दुकानात विषय सांगितला की दुकानदार प्रिंट काढून देतो. रंगीत हवी असेल तर पैसे जास्त. वरच्या पानावर प्रस्तावना, मग उद्दिष्टे, मग कार्यपद्धती, शेवटी ऋणनिर्देश. एका प्रदर्शनात तीन वेगवेगळ्या शाळांच्या वह्यांत एकाच हुतात्म्याची तीच चुकीची तारीख सापडली. म्हणजे चूकसुद्धा स्वतःची नाही, तीही डाउनलोड केलेली.

पोरांना दोष देत नाही. आपल्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात पहिलाच धडा इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य परंपरेचा आहे, तिसरा उपयोजित इतिहासाचा. कल्पना उत्तम आहे. मूळ कागदपत्रं तपासल्याशिवाय इतिहास लिहू नये, असं सांगणारा जर्मन इतिहासकार रांके आपली पोरं एका मार्कासाठी पाठ करतात. पण गावातल्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर उघडून त्यांना कुणी दाखवत नाही. रांके पाठ, कागद हाताला नाही.

त्यातल्याच एका प्रदर्शनातला अनुभव सांगतो. आठवीतल्या एका मुलीने आपल्या पणजीवर लिहिलं होतं. बेचाळीसनंतर भूमिगत झालेल्या लोकांना ही पणजी रात्री उसाच्या फडात भाकरी नेऊन द्यायची. वही हाताने लिहिलेली, अक्षर वाकडं, एकही फोटो नाही. पण आजीला विचारलेले प्रश्न आणि आजीने दिलेली उत्तरं जशीच्या तशी होती. आजी कुठे अडखळली तेही लिहिलं होतं. माझ्या मते पहिला नंबर तिचाच होता. पण बाकीच्या परीक्षकांचं म्हणणं पडलं की पुरावा काय? पणजी स्वातंत्र्यसैनिकांच्या यादीत आहे का? नाही ना. मग? उत्तेजनार्थ देऊन विषय मिटवला. पहिला नंबर थर्मोकोलच्या किल्ल्याला गेला.

पुरावा मागितला हे बरोबरच. पण यादीत नाही म्हणजे घडलंच नाही, हे मात्र साफ चूक. ती यादी कशी बनली ते बघा. केंद्र सरकारने १९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केली. त्यासाठी तुरुंगवासाचा दाखला हवा, नाहीतर भूमिगत होता याची नोंद हवी, वॉरंट हवं. म्हणजे इंग्रज सरकारने ज्याचं नाव लिहून ठेवलं तो स्वातंत्र्यसैनिक. जी बाई पकडलीच गेली नाही, जिने आपलं काम इतकं चोख केलं की पोलिसांना पत्ता लागला नाही, तिचा कागद कुठून येणार? भाकरीला वॉरंट निघत नाही.

आपल्या सातारा-सांगली पट्ट्यात प्रतिसरकार उभं राहिलं ते काय दोन-चार पुढाऱ्यांवर? क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा ही नावं आपण घेतो, घ्यायलाच हवीत. ७ जून १९४३ ला तुफान सेनेने शेणोलीजवळ रेल्वेतला सरकारी पैसा लुटला, ते आपण अभिमानाने सांगतो. पण रानात लपलेल्या या माणसांना निरोप आणि जेवण पोचवणारे गणपती बाळा यादव यांचं नाव आपल्या किती पोरांना माहीत आहे? रामापूरचे. आधी पायी, नंतर सायकलवरून हे काम करायचे. पी. साईनाथ यांनी त्यांच्यावर लिहिलं तेव्हा त्यांचं वय नव्वदीच्या पुढे होतं आणि तेव्हाही ते सायकल चालवत होते. २०२१ मध्ये ते गेले. त्याच वर्षी नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील गेल्या, पुढच्या वर्षी तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ लाड गेले. बेचाळीसमध्ये जो दहा वर्षांचा होता तो आज नव्वदीच्या पलीकडे आहे. हिशेब तुम्हीच करा, विचारायला माणसं किती उरली आणि वेळ किती उरला.

नंदुरबारचा शिरीषकुमार आपल्याला माहीत आहे. ९ सप्टेंबर १९४२. पण त्या दिवशी त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही गोळ्यांना बळी पडले. त्याच दिवशी आपल्याकडे वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला, तिथेही गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांचे साथी पडले. एकाच तारखेला दोन गावं. आमच्या पोरांना यातलं एकच का सांगितलं जातं?

आणि पोलंडची गोष्ट लांबची वाटत असेल तर कोल्हापूरला जाऊन या. रशियाने आपल्या देशातून उचलून नेलेल्या पोलिश कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार माणसं, त्यात बहुतेक बायका आणि मुलं, इराणमार्गे १९४३ मध्ये आपल्या वळिवड्याला आली. १९४८ पर्यंत तिथं त्यांची छावणी होती. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकं, सगळं. ते गेल्यावर त्याच जागेत फाळणीत घरदार गमावलेले सिंधी बांधव आले, आणि ते आजचं गांधीनगर. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी वॉर्सात कोल्हापूरच्या स्मारकाला फुलं वाहिली, तेव्हा आपल्याकडे चार दिवस बातम्या झाल्या. पण त्या छावणीत दूध कोण घालायचं? भाजी कोण द्यायचं? पोलिश पोरांबरोबर आपली कुठली पोरं खेळली, कोण त्यांच्याकडून चार शब्द शिकलं? पुतळे आणि कोनशिला या प्रश्नांची उत्तरं देत नाहीत. वळिवडे, चिंचवाड, उचगावच्या शाळांना यापेक्षा चांगला प्रकल्प कुठला मिळणार?

एक नाजूक मुद्दा आहे, तोही बोलतो. आपल्याकडे 'उपेक्षित वीर' म्हटलं की लगेच जात पुढे येते. आमच्या गावात एका चौकाच्या नावावरून दोन गट समोरासमोर आले होते. दोन्हीकडे फ्लेक्स, दोन्हीकडे घोषणा. बातमीसाठी दोन्हीकडे गेलो, एकच प्रश्न विचारला की या माणसाबद्दल तुमच्याकडे कागद कुठला? दोन्हीकडे कागद नव्हता. ज्यांना खरोखर डावललं गेलं त्यांची नोंद व्हायलाच हवी, त्यात दुमत नाही. पण नोंद कागदाने, साक्षीने होते, डीजेने होत नाही. फ्लेक्स पावसाळ्यात फाटतो.

आणि डावललेल्यांचा इतिहास लिहायला मोठं विद्वान व्हावं लागतं असंही नाही. १८५५ साली पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. वय साधारण चौदा. तो 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापून आला. तिने फोटो चिकटवले नव्हते. आजूबाजूला जे भोगलं जात होतं ते तिने लिहिलं. आज पावणेदोनशे वर्षं होत आली, अभ्यासक तो निबंध साधन म्हणून वापरतात. शाळकरी मुलीचं लिखाण! आपल्या मातीत ही परंपरा आहे, कॅन्ससहून आणायची गरज नाही.

तर शिक्षकांना आणि पालकांना काही साध्या सूचना.

विषय जवळचा घ्या. ज्याच्या घरी चालत जाता येईल असा. स्वातंत्र्यलढाच पाहिजे असं नाही. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायका, धरणात गाव गेलेली माणसं, पहिली एसटी आणणारा, पहिली मुलगी शाळेत घालणारा बाप, साथीत मेलेल्यांना उचलणारा, हे सगळे विषयच आहेत.

मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करा, आधी विचारून. तारीख, ठिकाण, वय लिहा. माणूस 'आठवत नाही' म्हणाला तर तेही लिहा.

एक तरी मूळ कागद बघा. शाळेचं जनरल रजिस्टर, तहसीलातलं कोतवाल बुक, जुना सातबारा, पत्र, लग्नपत्रिका, भांड्यावर घातलेलं नाव. त्या पोलिश मुलीचा चमचा आठवा. आपल्या आजीच्या तांब्यावरही नाव आणि साल असतं की. कोल्हापूरला पुराभिलेखागार आहे. शाळेचं पत्र घेऊन जा. शासनाने काढलेला स्वातंत्र्यसैनिक चरित्रकोश मोठ्या ग्रंथालयांत मिळतो, त्यात आपल्या गावची नावं शोधा, आणि कुठली नाहीत तेही बघा.

एकाच गोष्टीला दोन साक्षी शोधा. जुळल्या नाहीत तर लपवू नका, दोन्ही लिहा.

आणि नायकाच्या आसपासची माणसं विचारा. निरोप कुणी नेला, दार कुणी उघडलं, गप्प कोण राहिलं.

परीक्षक मंडळींना एवढंच सांगणं आहे की थर्मोकोलला मार्क देणं थांबवा. साधनांची यादी बघा, पोराला दोन प्रश्न विचारा. कुणाला भेटलास? काय पटलं नाही? ज्याला उत्तर देता येईल त्याचा नंबर.

आमच्या साप्ताहिकात दर आठवड्याला अर्धं पान अशा प्रकल्पांसाठी ठेवायचं मी संपादकांकडून मान्य करून घेतलंय. वही हाताने लिहिलेली चालेल, अक्षर वाकडं चालेल. झेरॉक्सच्या दुकानातली चालणार नाही. आपल्या गावात नव्वदीच्या पुढचं कोण आहे, ते खाली कमेंटमध्ये लिहू नका, नाव-पत्ता असा उघड्यावर नको. जवळच्या शाळेतल्या इतिहासाच्या सरांना किंवा बाईंना जाऊन सांगा. या आठवड्यात सांगा, दिवाळीनंतर बघू म्हणू नका.